चार शब्दांचा पत्रा

आमच्या सोप्याच्या भिंतीवर सध्या दोन नंबरप्लेट शेजारी शेजारी टांगल्या आहेत. पहिली माझ्या जुन्या चेतक स्कूटरची आहे. खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे लागत असत त्या काळातली ही पाटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पेंटरने पट्टी न लावता, नुसत्या हाताच्या अंदाजाने रंगवलेली आहे. दुसरी पाटी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्याची. माझा भाचा तिथल्या नॅशुआ गावात नोकरीला असतो. गेल्या दिवाळीला तो घरी आला, तेव्हा स्वतःच्या विकलेल्या मोटारीची ही पाटी त्याने बॅगेच्या तळातून काढली आणि "मामा, तुम्हाला असलं काहीतरी आवडतं," असे म्हणत माझ्या हातात ठेवली. पांढऱ्या पत्र्यावर उठावदार हिरवे आकडे आहेत आणि त्यांच्या जोडीला चार इंग्रजी शब्द आहेत : लिव्ह फ्री ऑर डाय.

मुक्त जगा, नाहीतर मरा. सौभाग्यवतींनी चहाचा ट्रे हातात धरूनच ती ओळ वाचली आणि विचारले, "ही गाडीची पाटी आहे की धमकी?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, हे मला पुढच्या काही आठवड्यांत कळले, कारण नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे.

ही ओळ मूळची जॉन स्टार्क नावाच्या सेनापतीची. स्टार्कचा जन्म १७२८चा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७५च्या बंकर हिलच्या लढाईत त्याने नाव कमावले, परंतु पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलून इतरांना वर चढवले हे पाहताच मार्च १७७७मध्ये राजीनामा देऊन तो सरळ घरी निघून गेला. त्याच उन्हाळ्यात जनरल बर्गॉइनची ब्रिटिश फौज कॅनडाकडून दक्षिणेकडे उतरू लागली. न्यू हॅम्पशायरने स्टार्कला पुन्हा बोलावले, तेव्हा त्याने अट घातली की आपण हुकूम मानू तो फक्त न्यू हॅम्पशायरचा, काँग्रेसच्या, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या संयुक्त सभेच्या, सेनापतींचा नव्हे. आमच्याकडे असल्या माणसाला 'अंगात रग आहे' असे म्हणतात, आणि ते म्हणताना आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असते. १६ ऑगस्ट १७७७ रोजी बेनिंग्टनच्या लढाईत याच रगेल माणसाने रसद लुटायला बर्गॉइनने पाठवलेली जर्मन भाडोत्री सैनिकांची तुकडी मोडून काढली. त्याचा फटका बर्गॉइनला असा बसला की दोनच महिन्यांनी साराटोगा येथे त्याला शरणागती पत्करावी लागली. लढाई झाली ती जागा बेनिंग्टन गावात नसून तिथून काही मैलांवर, आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत आहे. लढाई मात्र बेनिंग्टनच्याच नावावर जमा झाली.

ही ओळ रणांगणावरची असेल असे मला आधी वाटले होते. प्रत्यक्षात ती लढाईनंतर ३२ वर्षांनी लिहिली गेली आहे. १८०९मध्ये त्या लढाईतल्या जुन्या सैनिकांचा मेळावा भरणार होता आणि स्टार्कला त्याचे निमंत्रण आले. वय ऐंशी, प्रकृती खालावलेली, प्रवास झेपणारा नव्हता. त्याने ३१ जुलै १८०९ रोजी पत्राने दिलगिरी कळवली आणि आपल्या वतीने मेळाव्यात उच्चारण्यासाठी एक शुभेच्छा पाठवली. तिचे मराठी साधारण असे होईल : "मुक्त जगा, नाहीतर मरा, मृत्यू ही काही सर्वांत वाईट गोष्ट नव्हे." हेच शब्द फ्रेंच राज्यक्रांतीतही घोषणा म्हणून गाजले होते, त्यामुळे शब्दरचना सर्वस्वी त्याचीच असा दावा कोणी करू नये, परंतु दुसरा तुकडा वाचला की पहिल्याचा सूर बदलतो, हे मला महत्त्वाचे वाटते. मरणाच्या दारात उभा असलेला एक म्हातारा, आपल्याबरोबर गोळ्या झेललेल्या आणि आता आपल्यासारख्याच थकलेल्या सोबत्यांना सांगतो आहे की मरणाचे एवढे काही नाही. तो कोणालाही हुकूम करत नाही. त्या पत्रानंतर तो आणखी जवळजवळ तेरा वर्षे जगला, आणि त्याचे शब्द पुढे कोणाच्या गाडीवर चढतील याची त्याला कल्पना असण्याचे कारणच नव्हते.

१९४५मध्ये, दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास, न्यू हॅम्पशायरने या शुभेच्छेचा पहिला तुकडा राज्याचे ब्रीदवाक्य म्हणून स्वीकारला आणि दुसरा सोडून दिला. पत्र्यावर चार शब्दांपेक्षा जास्त मावले नसते हे खरे, पण १९४५मध्ये पत्र्याचा प्रश्नच नव्हता. नंबरप्लेटवर तेव्हा ब्रीदवाक्य नव्हते.

नंबरप्लेटवर मजकूर लिहायची अमेरिकन हौस मुळात जाहिरातीची आहे, आणि तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. न्यूयॉर्क राज्याने १९०१मध्ये गाडीवर खूण असलीच पाहिजे असा कायदा केला, तेव्हा मालक आपली आद्याक्षरे स्वतःच करून लावत असत. सरकारने पाट्या बनवून देण्याची सुरुवात १९०३मध्ये मॅसॅच्युसेट्सने केली. सरकारच पाटी देऊ लागल्यावर पाटीवरच्या मोकळ्या जागेवर सरकारची नजर जाणारच. १९२८मध्ये आयडाहो राज्याने संपूर्ण पाटीभर एक लांबलचक बटाटा काढला आणि त्या बटाट्यावर गाडीचा नंबर व 'आयडाहो पोटॅटोज' असे शब्द छापले. बटाट्याचे चित्र टिकले नाही, पण 'फेमस पोटॅटोज' हे शब्द १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या पाट्यांवर ठाण मांडून बसले आहेत. त्याच १९२८ साली मॅसॅच्युसेट्सने पाटीवर कॉड मासा काढला. त्या वर्षी मासे कमी मिळाले म्हणून कोळ्यांनी पाटीवरच्या माशाला दोष दिला, कारण तो राज्याच्या नावाकडे पाठ करून पोहत होता, असे तिथे आजही सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, कोळी ते कोळीच. आपल्या मालवणातही असा मासा कोणी निमूटपणे सहन केला नसता. पुढे विस्कॉन्सिनने दुधाची, फ्लोरिडाने उन्हाची, मिनेसोटाने दहा हजार तळ्यांची आणि इलिनॉयने लिंकनची जाहिरात सुरू केली. हा नियम कोल्हापूरला लागू झाला असता, तर पाटीवर गुळाची ढेप काढायची की चपलेचा अंगठा, यावरून महापालिकेच्या सभेत काय झाले असते याची कल्पना करून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

न्यू हॅम्पशायरच्या पाटीवरही अनेक वर्षे असाच निरुपद्रवी शब्द होता : 'सीनिक', म्हणजे निसर्गरम्य. तो वाचून कोणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही आणि बहुधा कोणी तो वाचतही नव्हते. १९७१पासून तो काढून त्या जागी स्टार्कची ओळ आणण्यात आली. गंमत अशी की हे तुरुंगातले काम होते. न्यू हॅम्पशायरच्या नंबरप्लेट राज्याच्या कारागृहात कैदी बनवतात, आणि 'मुक्त जगा' हे शब्द पत्र्यावर उठवण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना स्वतःला मुक्त जगण्याची सोय नव्हती. भाच्याने हे सांगितले तेव्हा तो विनोद करतो आहे असे मला वाटले होते.

या राज्यात क्लेअरमाँट नावाच्या गावी जॉर्ज मेनार्ड आणि त्यांची पत्नी मॅक्सिन राहत. दोघेही यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे. आपले खरे राज्य यहोवाचे असून तेच अनंत जीवन देते, तेव्हा पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारसाठी प्राण देण्याची गोष्ट आपण करू शकत नाही, मग त्यापायी गुलामीत जगावे लागले तरी बेहत्तर, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या दोन गाड्यांवर मात्र राज्याने नेमके उलटे वाक्य ठोकून दिले होते. मेनार्ड यांनी १९७४मध्ये त्या चार शब्दांवर चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. शेजारची पोरे ती पट्टी सारखी ओढून काढत. अखेर वैतागून त्यांनी पत्र्यातून 'ऑर डाय' एवढे शब्द कापूनच टाकले आणि पडलेल्या भोकावर व उरलेल्या 'लिव्ह फ्री'वर पुन्हा पट्टी चिकटवली. न्यायालयाच्या निकालपत्रात हा सगळा तपशील तळटीपेत गंभीरपणे नोंदवलेला आहे, आणि घटनात्मक कायद्याच्या एका मोठ्या खटल्यात गल्लीतल्या पोरांची हजेरी लागलेली पाहून मला त्या खटल्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

पाटीवरची अक्षरे झाकणे हा राज्याच्या कायद्याने गुन्हा होता. नोव्हेंबर १९७४च्या अखेरीस मेनार्ड यांना पहिली नोटीस मिळाली आणि डिसेंबरात २५ डॉलरचा दंड झाला, जो न्यायाधीशाने स्थगित ठेवला. महिना सरायच्या आत त्यांना पुन्हा पकडण्यात आले. या वेळी ५० डॉलर दंड आणि सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. आधीचा दंडही आता भरा असे सांगण्यात आले. मेनार्ड यांनी न्यायाधीशाला नम्रपणे कळवले की दंड भरणे माझ्या सदसद्विवेकाला मान्य नाही. त्याबद्दल त्यांनी पंधरा दिवस तुरुंगात काढले. मुक्त जगण्याचा आदेश झाकला म्हणून एका माणसाला तुरुंगात जावे लागले. या वाक्यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो.

मार्च १९७५मध्ये मेनार्ड दांपत्याने संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली आणि ते जिंकले. राज्याने अपील केले, आणि २० एप्रिल १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वूली विरुद्ध मेनार्ड' या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वूली हे लेबनॉन गावचे पोलीसप्रमुख. बिचाऱ्यांचे नाव केवळ पदामुळे इतिहासात गेले. राज्याची बाजू दोन कारणांवर उभी होती. ब्रीदवाक्यामुळे खासगी प्रवासी मोटार पोलिसांना चटकन ओळखता येते हे पहिले, आणि त्यामुळे राज्याचा इतिहास, व्यक्तिस्वातंत्र्य व अभिमान यांची जाणीव वाढते हे दुसरे. पहिले कारण न्यायालयाने झटक्यात बाजूला ठेवले, कारण खासगी मोटारीच्या आकड्या-अक्षरांची मांडणीच वेगळी होती आणि तेवढ्यावरून ती ओळखू येत होती. दुसऱ्याबद्दल सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिले त्याचा आशय असा, की विचारस्वातंत्र्यात बोलण्याचा हक्क येतो तसा न बोलण्याचाही येतो. राज्याला आपला संदेश पसरवायचा तर त्याने तो जरूर पसरवावा, परंतु नागरिकाची खासगी गाडी हा त्या संदेशाचा फिरता जाहिरातफलक करण्याचा अधिकार राज्याला नाही.

विरोधी मत देणारे न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचा युक्तिवाद मला निकालाइतकाच वाचनीय वाटला. ते म्हणतात की पाटीवर ब्रीदवाक्य आहे म्हणून गाडीवाल्याला ते मान्य आहे, असे कोणता शहाणा माणूस समजतो? पटत नसेल तर मेनार्ड यांनी शेजारी दुसरे स्टिकर लावून तसे जाहीर करावे. आणि नाण्या-नोटांवर 'देवावर आमचा विश्वास आहे' असे छापलेले असते. नास्तिकाने नोट खिशात ठेवली तर त्याचा देवावर विश्वास बसला का? बहुमताने या शेवटच्या प्रश्नाला तळटीपेत उत्तर दिले आहे : नोट पाकिटात असते, ती हातोहात फिरते आणि ती कोणाला दाखवत फिरावे लागत नाही, गाडीची पाटी मात्र तिच्या मालकाशी जोडलेली असते आणि ती चारचौघांना दिसलीच पाहिजे असा कायदाच असतो. आपल्या रुपयाच्या नाण्यावरचे 'सत्यमेव जयते' रोज किती खोट्या व्यवहारांत हात बदलते ते पाहता, बहुमताचे म्हणणे मला पटते. नाण्यावरच्या वाक्याला कोणी आपले समजत नाही.

या खटल्याचा एक धागा आपल्याकडेही येतो, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. मेनार्ड निकालाला १९४३च्या एका जुन्या निकालाचा आधार होता. त्यात याच पंथाच्या मुलांना शाळेत झेंड्याला सलामी देण्याची सक्ती करता येणार नाही, असे अमेरिकन न्यायालयाने ठरवले होते. १९८५मध्ये केरळात याच पंथाच्या तीन भावंडांना, राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहतात पण गात नाहीत, एवढ्या कारणावरून शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो निकाल लिहिताना त्याच जुन्या अमेरिकन निकालाचा हवाला दिला आहे. उभे राहून आदर दाखवणारे मूल गात नाही म्हणून अनादर करते असे होत नाही, एवढा साधा मुद्दा होता, आणि तो सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले.

आता आमच्या बाजूच्या पाटीकडे वळतो. भारतात राज्यांना पाटीवर बटाटा काढायचीही मुभा नाही आणि स्वातंत्र्याची घोषणा लिहायचीही नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अक्षरे इंग्रजी, आकडे इंग्रजी, त्यांची उंची-जाडी ठरलेली आणि दुसरा मजकूर नाही, असा कोरडा बंदोबस्त करून ठेवला आहे. या बंदोबस्ताला महाराष्ट्राने काय दाद दिली ते रस्त्यावर दिसतच होते. ४१४१ या आकड्यांना वळण देऊन 'दादा', २१४चे 'राम' आणि ४९१२चे 'पवार' करणारे पेंटर गावोगावी होते. कोल्हापुरात तर पेंटर ही नुसती रंगाऱ्याची ओळख नाही, बाबूराव पेंटरांपासून ती आडनावासारखी मिरवली जाते. त्यामुळे इथल्या पाट्यांची अक्षरे नियमात बसत नसली तरी देखणी होती, हे मी पक्षपाताचा आरोप पत्करून सांगतो. माझ्या चेतकची पाटी देवनागरीत होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून बेकायदा. तिच्यामुळे दोनदा दंड भरला आहे, आणि मेनार्ड यांच्यासारखा नकार द्यावा असे तेव्हा एकदाही सुचले नाही.

ती पाटी भिंतीवर आली ती उच्च सुरक्षा पाटीमुळे. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना ती कारखान्यापासूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना ती बसवून घेण्याची सक्ती महाराष्ट्रात अलीकडे झाली आणि मुदती पुढे पुढे सरकत राहिल्या. मी तीन हेलपाटे घातले. मिळालेला पत्रा ॲल्युमिनियमचा, कोपऱ्यात अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, एकदा बसवले की मोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. आकड्यांवर मात्र, डोळ्याजवळ नेऊन तिरके धरले तर, ४५ अंशांच्या कोनात बारीक अक्षरांत 'इंडिया' हा शब्द पुन्हा पुन्हा छापलेला दिसतो. आपल्या राज्यव्यवस्थेने गाडीवाल्याच्या तोंडी घातलेला शब्द तो एवढाच, आणि तोही बनावट पाट्या ओळखता याव्यात म्हणून. न्यू हॅम्पशायरपेक्षा हे मला बरे वाटते. नंबराच्या जागी नंबर असावा.

कारण बोलायची हौस असलेल्या माणसाला गाडीवर दुसरी जागा असतेच. आमच्याकडे ती मागची बाजू. जोतिबाच्या नावाने चांगभले, आईचा आशीर्वाद, नाद खुळा, आणि मधल्या मुलाचे नाव राहिले म्हणून नंतर बारीक अक्षरांत घुसवलेले तिसरे नाव. यातले काहीही मालकावर कोणी लादलेले नसते, आणि म्हणून ट्रकच्या पाठीवरचे अत्यंत आगाऊ वाक्यसुद्धा प्रामाणिक असते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजतात. कारण योग्य होते; तरी शब्द अजून दिसतात.

घोषवाक्य नसलेली पाटी गप्प असते असेही नाही. एमएच-०९ हा प्रशासनाने दिलेला अनुक्रमांक आहे, त्यात कौतुकाचे काही नव्हते. पुण्याला बारा मिळाले, सांगलीला दहा, आम्हाला नऊ. पण आज पोरांच्या टी-शर्टवर, जिमच्या भिंतीवर आणि लग्नाच्या मांडवातल्या फलकावर तो आकडा मिरवतो आहे. कोणी तसा कायदा केला असता तर पहिला विरोध याच पोरांनी केला असता. दुसऱ्या टोकाला, कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली की केए सुरू होते. सीमाप्रश्न तापला की तिकडे एमएचच्या आणि इकडे केएच्या गाड्यांना काळे फासले जाते. त्या वेळी बेळगावातला मराठी माणूस केए-२२ची गाडी घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला येताना कोणत्या मनःस्थितीत असतो, हे त्यालाच विचारावे. त्याच्या पाटीवर एकही शब्द नाही, आणि तरीही ती त्याच्या वतीने त्याला न विचारता बोलते. यावर कोणत्याही न्यायालयाकडे उपाय नाही.

न्यू हॅम्पशायरच्या पाटीवर स्टार्कची ओळ आजही आहे. १९७७च्या निकालाने ती काढायला लावली नाही. ती झाकणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही, एवढेच ठरवले. भाच्याने आणलेल्या पाटीवर कड्यातून आपोआप घडलेल्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचे चित्रही आहे. फ्रँकोनिया खिंडीतला तो दगडी चेहरा राज्याची शान होता. ३ मे २००३ रोजी तो कोसळला, पाटीवर मात्र राहिला. निरोप घेताना मी भाच्याला विचारले की तुझ्याकडे लोक अजूनही ते चार शब्द झाकतात का. तो थोडा वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "मामा, आठ वर्षांत मी एकाही गाडीवर चिकटपट्टी पाहिलेली नाही."